नाव तेवढं बदला

टपालपेटी

मागच्या अंकात एका वाचकानं विचारलं होतं, ‘मूठभर ज्यू गुपचूप सगळ्या जगाचा कारभार चालवतात, हे खरं का?’ जागा कमी होती म्हणून चार ओळींत उत्तर दिलं : नाही, आणि ज्या ‘दस्तऐवजा’च्या आधारानं हे सांगितलं जातं तो बनावट असल्याचं शंभर वर्षांपूर्वीच उघड झालंय. त्या चार ओळींवर जेवढं टपाल आलं, तेवढं लग्नपत्रिकेत ‘चि. सौ. कां.’ कुठं लिहायचं या वादावरही आलं नव्हतं. म्हणून या वेळचं सदर त्यावरच.

प्रश्न : काका, मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तुम्ही म्हणता तो दस्तऐवज बनावट ठरला. मग आमच्या वर्गातल्या मुलाच्या मोबाइलवर तो ‘लपवलेलं सत्य’ म्हणून कसा येतो? खोटं एकदा सापडलं की संपायला नको का? – एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : बाळ, तुला उत्तर द्यायचं तर आधी माझंच एक पाप सांगावं लागेल.

सांगलीत खणभागात माझा छापखाना होता. एक ट्रेडल छपाईयंत्र, एक कटिंग मशीन, खिळ्यांच्या म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या केसेस आणि ती अक्षरं जुळवणारा एक जुळारी. लग्नपत्रिका, गणेश मंडळांची पावतीपुस्तकं, हळदीच्या पेढ्यांची बिलबुकं, ही रोजची कामं. आणि वर्षातून चार-पाच वेळा ते पत्रक. तुझ्या आजीला विचार, तिला आठवेल. ‘अमुक गावच्या देवळात पुजाऱ्यापुढं नाग प्रकट झाला आणि मनुष्यवाणीनं बोलला. ज्यानं ही पत्रकं हजार छापून वाटली त्याला बारा दिवसांत धनलाभ झाला. एकानं थट्टा करून फाडलं, त्याचा मुलगा गेला.’ गिऱ्हाईक यायचं ते घाबरलेलंच. एस.टी. स्टँडवर कुणीतरी हातात कागद दिलेला असायचा, आणि घरात कुणीतरी आजारी असायचं.

मी काय करायचो? एरवी छपाई झाली की जुळवलेला मजकूर सोडून खिळे परत केसमध्ये टाकायचे, हा छापखान्याचा नियम. या पत्रकाचा मजकूर मी कधी सोडलाच नाही. दोऱ्यानं बांधून गॅलीत, म्हणजे जुळवलेले खिळे ठेवायच्या तबकात, तसाच ठेवलेला असायचा. नवं गिऱ्हाईक आलं की जुळाऱ्याला सांगायचं, ‘नाव तेवढं बदला.’ चिमट्यानं पाच-सहा खिळे उपसले, पाच-सहा बसवले, चालला फर्मा मशीनवर. एकदा गाव बदललं आणि देव बदलायचा राहिला. हजार पत्रकं तशीच गेली. कुणाची तक्रार आली नाही. तेव्हाच्या कायद्यानं छापील कागदावर मुद्रकाचं नाव लागायचं. त्या पत्रकावर मी ते कधी घातलं नाही, यावरून काय ते समज.

आता तुझा दस्तऐवज. ‘प्रोटोकॉल्स ऑफ द एल्डर्स ऑफ झायन’ हे त्याचं नाव. ज्यू पुढाऱ्यांच्या म्हणे एका गुप्त बैठकीचं टिपण. १९०३ साली रशियात, सेंट पीटर्सबर्गच्या एका वर्तमानपत्रात ते हप्त्याहप्त्यानं आलं. पण त्यातला बराचसा मजकूर चाळीस वर्षांपूर्वी जुळवून ठेवलेला होता. मोरिस जोली नावाच्या पॅरिसच्या वकिलानं १८६४ साली एक उपहासाचं पुस्तक लिहिलं होतं. त्यात नरकात मॅकियाव्हेली आणि मोंतेस्क्यू हे राजकारणावर लिहिणारे दोन जुने विचारवंत गप्पा मारतात, आणि मॅकियाव्हेली सांगतो की लोकांना मुठीत कसं ठेवायचं, वर्तमानपत्रं कशी खिशात घालायची. सगळा रोख फ्रान्सच्या सम्राटावर, तिसऱ्या नेपोलियनवर. ज्यूंचा त्यात संबंधच नाही. जोलीला त्यापायी पंधरा महिन्यांची कैद झाली. पुढं कुणीतरी हाच मजकूर घेतला, सम्राट उपसला आणि ज्यू बसवले.

हे सापडलं कसं, तो भाग मला फार आवडतो. लंडनच्या ‘टाइम्स’नं मे १९२० मध्ये स्वतःच या दस्तऐवजाबद्दल गंभीर चेहरा करून लेख छापला होता. पुढच्या वर्षी त्यांचाच कॉन्स्टँटिनोपलचा (आजचं इस्तंबूल) बातमीदार फिलिप ग्रेव्ह्ज याच्या हातात एका रशियन निर्वासितानं एक जुनं फ्रेंच पुस्तक ठेवलं. नावाचं पान फाटलेलं. ग्रेव्ह्जनं दोन्ही शेजारी ठेवून वाचायला घेतलं. ऑगस्ट १९२१ मध्ये ‘टाइम्स’नं उतारे समोरासमोर छापले. पुढं अभ्यासकांनी मोजलं, तर उचललेले उतारे एकशे साठाहून जास्त भरले. एकूण मजकुराचा दोन पंचमांश.

त्यातली एक ओळ आपल्या लोकांनी वाचायलाच हवी. जोलीचा मॅकियाव्हेली म्हणतो, ‘विष्णू देवासारखे माझ्या वृत्तपत्रांना शंभर हात असतील.’ विष्णूला शंभर हात! चार म्हटला असता तर सोडून दिलं असतं. आमचा पंढरपूरचा तर दोनच हातांवर भागवतो, तेही कमरेवर. फ्रेंच वकिलाची ही ऐकीव चूक ‘प्रोटोकॉल्स’मध्ये जशीच्या तशी आलीय : भारतीय देव विष्णू, शंभर हात. तुझ्या वर्गात परीक्षेला दोन पोरांची उत्तरं सारखी आली तर बाई एक वेळ सोडून देतील. दोघांनी चूकही तीच केली असेल तर सोडणार नाहीत. मी आयुष्यभर प्रुफं तपासली, मला एवढा एक विष्णू पुरला असता.

मग संपलं का नाही? पत्रकातली शेवटची ओळ पुन्हा बघ : फाडलं, त्याचा मुलगा गेला. कागद खोटा म्हणणाऱ्याचं काय करायचं, त्याची सोय कागदातच. हिटलरनं आपल्या आत्मचरित्रात लिहिलंय की फ्रँकफर्टचं एक वर्तमानपत्र हा दस्तऐवज बनावट असल्याची ओरड करत असतं, तोच तो खरा असल्याचा उत्तम पुरावा. आता यावर काय बोलशील? तू पुरावा दिलास की त्यांनी तुलाच मजकुरात जुळवून टाकलं. अमेरिकेत मोटारवाला हेन्री फोर्ड १९२० पासून आपल्या साप्ताहिकात ओळीनं ९१ अंक ज्यूंच्या ‘कारस्थाना’वर छापत राहिला, आणि ते साप्ताहिक गाड्यांच्या विक्रेत्यांकरवी खपवत राहिला. दस्तऐवजाबद्दल विचारलं तर म्हणाला, जगात जे चाललंय त्याच्याशी तो जुळतो, मला एवढंच सांगायचंय. खरा आहे असं म्हणालाच नाही. जुळतो म्हणाला. नागाचं पत्रकही जुळायचंच. कुणाच्या ना कुणाच्या घरात बारा दिवसांत काहीतरी बरंवाईट होतंच. फोर्डनं १९२७ साली माफी मागितली. तोवर त्या लेखांची पुस्तकं होऊन जर्मनीत पोचली होती. माझीही पत्रकं मी थांबवल्यावर थांबली थोडीच? पलीकडच्या गल्लीत ऑफसेट आलं होतं.

प्रश्न : आमची दीड एकर द्राक्षबाग आहे. दोन वर्षं अवकाळीनं माल गेला, उरल्याचा बेदाणा केला तर दर पडला. मालक रात्री शेडवर झोपायला जातात आणि मोबाइलवर एका माणसाचं ऐकत बसतात. तो सांगतो की रॉथशिल्ड नावाचं ज्यू घराणं जगातल्या सगळ्या बँका चालवतं, आपली रिझर्व्ह बँकसुद्धा, आणि शेतमालाचे भाव तेच पाडतात. मी बोलले की ‘तुला काय कळतंय’ म्हणतात. खरं काय आहे? आणि त्यांना सांगू कसं? – एक भगिनी, तासगाव तालुका

उत्तर : ताई, सोपं आधी सांगतो. रिझर्व्ह बँक १ एप्रिल १९३५ ला सुरू झाली आणि १ जानेवारी १९४९ पासून ती सरकारच्या मालकीची आहे. त्यात रॉथशिल्डचा भाग नाही.

घराणं मात्र खरं आहे. फ्रँकफर्टच्या ज्यू गल्लीतून निघालेले पाच भाऊ लंडन, पॅरिस, व्हिएन्ना, नेपल्स आणि फ्रँकफर्ट अशा पाच ठिकाणी बसले आणि एकोणिसाव्या शतकात खरोखर गडगंज झाले. एवढ्या खऱ्यावर बाकीचं रचलंय. त्यातली गाजलेली गोष्ट अशी : १८ जून १८१५ ला वॉटर्लूवर नेपोलियन हरला, ते नेथन रॉथशिल्डनं रणांगणावर उभं राहून पाहिलं, वादळात होडीवाल्याला वाटेल तेवढे पैसे देऊन लंडन गाठलं आणि बातमी दाबून बाजारात कोट्यवधी कमावले. प्रत्यक्षात नेथन वॉटर्लूला नव्हताच, लंडनमध्ये होता. ही गोष्ट पसरवली पॅरिसच्या एका चोपड्यानं, तेही १८४६ साली, म्हणजे लढाईनंतर एकतीस वर्षांनी आणि नेथन मरून दहा वर्षं झाल्यावर. चोपड्यावर लेखकाची सही काय होती? ‘सैतान’. मुद्रकाचं नाव गाळणारा मी, पण एवढी हिंमत मलाही झाली नसती. १९४० साली नाझींनी या घराण्यावर सिनेमा काढला, त्यातही हीच गोष्ट. तुमच्या मालकांचा मोबाइलवाला ती आज सांगत असेल, तर गॅलीत बांधून ठेवलेला मजकूर अजून सुटलेला नाही इतकंच.

पण ज्यू म्हटलं की पैसाच का, हे मालकांनी विचारलं तर? जुन्या युरोपात ख्रिश्चनांना व्याजाचा धंदा चर्चनं मना केलेला. ज्यूंना बहुतेक ठिकाणी जमीन घ्यायला बंदी, कारागिरांच्या संघात शिरायला बंदी. उरलं ते व्याजबट्टा. राजे त्यांच्याकडून उचल घ्यायचे आणि अंगाशी आलं की लोकांपुढं त्यांनाच ढकलायचे. १३४८ मध्ये प्लेगची साथ आली तेव्हा उठलं की ज्यूंनी विहिरींत विष कालवलं. पोपनं स्वतः फर्मान काढून सांगितलं की अरे, ज्यूही प्लेगनं मरतायत. कुणी ऐकलं नाही. फेब्रुवारी १३४९ मध्ये स्ट्रासबर्गला शेकडो ज्यू जिवंत जाळले, तेही गावात प्लेग पोचायच्या आधी. आणि त्यांच्याकडची लोकांची कर्जं त्याबरोबर रद्द झाली. हे शेवटचं वाक्य मालकांना सावकाश वाचून दाखवा. कर्जाचं दुखणं तासगावच्या माणसाला शिकवावं लागत नाही.

आपल्याकडं १८७५ च्या मे महिन्यात सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतले कर्जरोखे बाहेर काढून जाळले. पुणे आणि नगर जिल्ह्यांत लोण पसरलं. दंगाच तो, त्याचं कौतुक करायला मी बसलेलो नाही, आणि सावकार परप्रांतीय म्हणून त्यातही राग मिसळलेला होताच. पण त्यांना रोखा कुठल्या पेटीत आहे ते ठाऊक होतं. चौकशी बसली, १८७९ ला कायदा झाला. मी स्वतः बाजारात रुमालाखालचे सौदे पाहिलेत. दोन माणसं हातावर रुमाल टाकून बोटं दाबायची आणि मालाचा धनी शेजारी उभा राहून आभाळाकडं बघायचा. कारस्थानंच ती. मी कारस्थानं नसतात म्हणत नाही, ताई. १९९२ चा रोखे घोटाळा झाला तेव्हा पावत्या निघाल्या, बँकांची नावं निघाली, संसदेची समिती बसली. मोबाइलवाल्याच्या कारस्थानात पावती निघते का, एवढं बघायचं.

तो माणूस मधेच काही विकतो का, तेही बघा. गुडघ्याचं तेल, साखरेची पावडर. अमेरिकेत अॅलेक्स जोन्स नावाचा असाच कारस्थानं सांगणारा एक जण आहे. कार्यक्रम फुकट, कमाई ताकदीच्या गोळ्या-पावडरींवर. २०१२ साली सँडी हूकच्या शाळेत गोळीबारात वीस लहान मुलं आणि सहा मोठी माणसं मेली. हा सांगत राहिला की सगळं नाटक आहे आणि आईबाप भाड्यानं आणलेले नट आहेत. ज्यांची लेकरं गेली त्यांना ऐकणाऱ्यांनी धमक्या दिल्या. २०२२ मध्ये कोर्टात जवळजवळ दीड अब्ज डॉलरची भरपाई त्याच्यावर बसली. आपला मोबाइलवाला त्या मानानं किरकोळ, पण घाबरलेलं गिऱ्हाईक खरेदी करतं हे दोघांना माहीत आहे. मलाही माहीत होतं.

आता सांगायचं कसं. ‘तुमचं खोटं आहे’ इथून सुरू करू नका. दोन वर्षं माल गेलेल्या माणसाला कुणीतरी ‘तुझी चूक नव्हती’ म्हणतंय, आणि ते म्हणणारा सध्या तो एकटाच आहे. रात्री चहाचा थर्मास घेऊन तुम्हीच शेडवर जा. रॉथशिल्डचं नाव काढू नका. या वर्षीच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचे कागद, घेऊन बसा. सौद्यात माल दाखवायला उधळतात त्यात किती गेला, तूट किती धरली, अडत, हमाली, तोलाई, स्टोरेजचं भाडं, पेटीचे पैसे. एकेक आकडा मोठ्यानं वाचा आणि ‘हे कुणी ठरवलं असेल हो?’ एवढंच विचारा. राग त्यांच्याकडं आहेच, तो पट्टीवर उतरू द्या. बाजार समितीत जाऊन भांडायला तेवढा कागद पुरतो. मी सांगतो म्हणून एका रात्रीत फरक पडणार नाही. चार-पाच थर्मास लागतील.

प्रश्न : आपल्या भागात ज्यू औषधालाही नाहीत. दूरदेशीच्या या उठाठेवीत मराठी मासिकानं पानं का घालवावीत? – एक निवृत्त शिक्षक, जत

उत्तर : गुरुजी, सांगलीत नसतील, पण कोकणात आहेत, आणि ते तुमच्या-माझ्याइतकंच मराठी बोलतात. अलिबागच्या बाजूच्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. आडनावं पाहा : पेणकर, रोहेकर, केहीमकर, झिराडकर. बरेच जण पुढं इस्रायलला गेले आणि तिथं ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक काढत राहिले.

मी छापखान्याचा माणूस, म्हणून एक छापील वस्तू सांगतो. १८७४ साली पुण्यात त्यांच्या पेसाह सणाची पोथी शिळाछापावर निघाली, हिब्रू आणि मराठी दोन्ही. त्यात चित्र आहे : साडी नेसलेल्या बाया जमिनीवर बसून सणाची बिनखमिराची भाकरी करतायत. कणीक, पाणी, लाटणं, चूल.

हीच ती भाकरी, गुरुजी. ११४४ साली इंग्लंडात नॉरिचजवळच्या रानात एका पोराचं प्रेत सापडलं. काही वर्षांनी एका मठवाल्यानं पोथी लिहून ठेवलं की ज्यूंनीच धर्मासाठी त्याचा छळ करून मारलं. पुढं त्यात भर पडली की ज्यू पोरं पळवतात ती या भाकरीत रक्त मळायला. ज्या धर्मात अंड्यात रक्ताचा ठिपका दिसला तरी अंडं टाकून देतात आणि मांस मीठ लावून रक्त निथळल्याशिवाय शिजवत नाहीत, त्यांच्याबद्दल हे! एका मागून एक देश करत ही गोष्ट फिरली. १९११ साली कीवमध्ये वीटकारखान्यावरच्या मेंडेल बेलिसला याच आरोपाखाली धरला. दोन वर्षं आत काढून तो निर्दोष सुटला.

आणि पोरं पळवणारी टोळी तुमच्या तालुक्याला नवी आहे का? सप्टेंबर २०२२, लवंगा गाव. उत्तर प्रदेशातून आलेले चार साधू, देवदर्शनाला निघालेले. एका पोराला रस्ता विचारला म्हणून त्यांना काठ्या-पट्ट्यांनी मारलं. ते वाचले. त्याआधी १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पाच भिक्षेकरी वाचले नाहीत; नाथपंथी डवरी गोसावी होते ते, बहुतेक मंगळवेढ्याकडचे. त्या वर्षी मोबाइलवर फिरणाऱ्या फितींत एक होती, दोघं मोटारसायकलवरून येऊन पोराला उचलून नेतात. ती कराचीच्या एका संस्थेनं पालकांना सावध करायला केलेली होती. शेवटी ते दोघं पोराला परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. तो शेवट कुणीतरी कापला होता. ग्रेव्ह्जच्या हातातल्या पुस्तकाचं नावाचं पान फाटलेलं होतं, इथं शेवटचं पान. तुमच्या तालुक्यात ज्यू नव्हते, गुरुजी, म्हणून साधू बसवले.

प्रश्न : (पोस्टकार्ड. नाव नाही, शिक्का मिरजेचा.) ज्यूंची बाजू घ्यायचे किती मिळाले?

उत्तर : या सदराचं मानधन अंकामागं पाचशे रुपये ठरलंय. मागच्या तीन अंकांचं अजून यायचंय. तुमच्या ओळखीत कुणी देणारं असेल तर संपादकांचा पत्ता अंकाच्या दुसऱ्या पानावर, मुद्रकाच्या नावाशेजारी आहे.